‘ताई, इथे लेडीज कटिंग होत नाही’ ऐकल्यावर: पहिला बारीक कट मिळवण्यासाठी

पहिल्यांदा केस बारीक करायला निघालो तेव्हा मी एका संध्याकाळी तीन दुकानं फिरलो. पहिल्या सलूनमधल्या दादांनी कंगवा खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘ताई, इथे लेडीज कटिंग होत नाही.’ दुसऱ्या सलूनमध्ये दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी ‘आज नंबर लागणार नाही’ असं उत्तर मिळालं. तिसरं दुकान लेडीज पार्लर होतं. तिथल्या ताईंनी तासभर मन लावून कात्री चालवली. बाहेर पडलो तेव्हा मानेवर पिसांसारखी झालर होती आणि कानांपुढे दोन नाजूक बटा लोंबत होत्या. त्या रात्री बाथरूममध्ये नखं कापायच्या कात्रीने मी त्या बटा छाटल्या आणि खूप रडलो.

नकारानं मला इतकं रडवलं नव्हतं. नकार मिळाला तर केस जागेवर असतात, उद्या दुसरं दुकान बघता येतं. पण अर्धवट होकार मिळाला की पैसे जातात, केस जातात, धीरही जातो, आणि हवं होतं ते मिळतच नाही. म्हणून या लेखातला बराचसा भाग त्या अर्धवट होकारापासून कसं वाचायचं, यावर आहे. ट्रान्स पुरुष (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेले पुरुष), नॉनबायनरी (बाई किंवा पुरुष या दोन चौकटींत न बसणारी) मित्रमंडळी आणि ज्या बायकांना सरळ पुरुषी कट हवा आहे, अशा सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

ते नाही का म्हणतात

नंतरच्या काही वर्षांत अनेक सलूनवाल्यांशी बोललो. द्वेषापोटी नाही म्हणणारे त्यात असतात, पण कमी. बहुतेकांना एकच धास्ती असते: उद्या हिच्या घरचे दुकानात येऊन भांडले तर? ‘आमच्या मुलीचे केस कुणाच्या परवानगीने कापले?’ हा प्रश्न त्यांना खुर्चीत बसलेलं माणूस दिसायच्या आधी ऐकू येतो. बाकावर पेपर वाचत बसलेल्या गिऱ्हाइकांचं अवघडलेपण असतं. बाईच्या मानेला, कानाला हात लावायचा संकोच असतो. लेडीज पार्लरमध्ये कारण वेगळं. तिथे लेअर, स्टेप, यू कट शिकवलेले असतात. मशीन असलं तरी त्यावर हात बसलेला नसतो. त्यामुळे तुम्ही ‘बॉय कट’ म्हणालात की त्यांच्या डोळ्यांसमोर जो कट येतो तो मऊ, गोलसर, बायकी छोटा कट असतो.

म्हणजे सलूनमध्ये अडचण जबाबदारीची आणि पार्लरमध्ये सवयीची. दोन्हीकडे उपाय जवळपास सारखाच आहे: निर्णयाचं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवायचं नाही. काय करायचं हे इतकं नेमकं सांगायचं की त्यांना फक्त हात चालवायचा उरेल.

आधी लांबी कमी करून घ्या

ही युक्ती मला फार उशिरा सुचली. कमरेपर्यंतची वेणी घेऊन जेन्ट्स सलूनमध्ये शिरलात तर कुणाचाही हात थांबतो. तेच केस मानेपर्यंत असतील तर काम निम्मं सोपं होतं. म्हणून दोन टप्पे करा. आधी कुठल्याही पार्लरमध्ये जाऊन ‘बॉब कट’ किंवा ‘मानेपर्यंत सरळ’ सांगा. हे काम त्या रोज करतात, फार प्रश्न येत नाहीत. आठ-पंधरा दिवसांनी सलूनमध्ये जा.

घरी राहणाऱ्यांसाठी या टप्प्यांचा आणखी एक फायदा आहे. घरच्यांची नजर हळूहळू सरावते. ज्यांच्या घरी केसांवरून मारहाण होऊ शकते, बाहेर पडणं बंद होऊ शकतं, शिक्षण थांबू शकतं, त्यांनी घाई करू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो. तोवर मानेच्या वरचा मागचा भाग आतून मशीनने बारीक करून घेता येतो. वरचे केस सोडले की तो झाकला जातो आणि बांधले की दिसतो. मी सात महिने तसेच काढले. कॉलेजला पोचलो की केस वर बांधायचे, घराच्या जिन्यात सोडायचे. हात मागे फिरवला की ती खरखर लागायची, आणि तेवढ्यावर दिवस निघायचा.

कापलेले केस दान करायचे असतील तर धुऊन पूर्ण कोरडे करा, वेणी घाला, दोन्ही टोकांना रबर लावा आणि वरच्या रबराच्या वर कापायला सांगा. साधारण बारा इंच लांबी असेल तर बहुतेक ठिकाणी घेतात. हे पार्लरमध्ये पहिल्या टप्प्यातच होऊन जातं.

दुकान शोधणं

सगळ्यात खात्रीचा रस्ता म्हणजे ओळख. भाऊ, मित्र, ऑफिसातला सहकारी ज्याच्याकडे नेहमी जातो, त्याच सलूनमध्ये त्याच्यासोबत जा. त्याने नुसतं ‘दादा, हा माझा मित्र, ह्याची पण कटिंग करायची’ म्हटलं की सलूनवाल्याची अर्धी भीती जाते, कारण जबाबदारी घेणारं ओळखीचं माणूस समोर उभं असतं. पहिल्या दिवशी नुसते बाकावर बसून बघा. मशीन कसं चालवतात, कल्ले नीट जुळवतात का, दोन गिऱ्हाइकांमध्ये ब्लेड बदलतात का, बायकांबद्दल काय बोलतात. वीस मिनिटांत माणूस कळतो.

ओळख नसेल तर आधी फोन करा. फोनवर नकार ऐकणं दुकानात, चार माणसांसमोर ऐकण्यापेक्षा पुष्कळ सोपं जातं. सरळ विचारा: ‘लांब केस आहेत, साइडला मशीन आणि वरून कात्री अशी जेन्ट्स कटिंग करायची आहे. करता का?’ ‘कुणासाठी?’ असं विचारलं तर ‘माझ्यासाठी’ म्हणा. तिथेच उत्तर कळेल.

युनिसेक्स सलून हा मधला पर्याय. पैसे जास्त जातात. गल्लीतल्या सलूनमध्ये शंभर-दीडशेत होणारं काम तिथे कितीतरी महाग पडतं, आणि काही ठिकाणी तोच कट बाईसाठी वेगळ्या दराने लावतात. खुर्चीत बसण्याआधी दर विचारा. आणि तिथे कटिंग करणारी व्यक्ती जेन्ट्स विभागातली मागा. नुसता दारावर युनिसेक्स लिहिलेला बोर्ड पुरेसा नाही.

रविवारी जाऊ नका. सकाळपासून रांग असते, दुकान बघ्यांनी भरलेलं असतं आणि कारागिराला घाई असते. सोमवारी बऱ्याच गावांत सलून बंदच असतात. मधल्या वारी, दुपारी दोन ते चारच्या सुमाराला जा. त्या वेळी दुकानात एखादा कारागीर आणि एक रेडिओ असतो, बोलायला निवांतपणा मिळतो.

मुंबई-पुण्यात असाल तर आपल्या लोकांमध्ये विचारा. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही संस्था एलजीबीटी समुदायासाठी बरीच वर्षं काम करते आहे, पुण्यातही अशा संस्था आहेत. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या मंडळींना कुठल्या भागात कुठला कारागीर बरा, हे ठाऊक असतं. एका चांगल्या कारागिराचं नाव असं तोंडातोंडी फिरतं.

दारात शिरल्यावर काय बोलायचं

मराठीत तोंड उघडलं की लिंग ठरतं. ‘आलो’ म्हणावं की ‘आले’? पहिल्या वेळी ‘आलो’ म्हणायला जीभ अडखळली तर वाक्यच असं करा की क्रियापद तुमच्यापाशी येणारच नाही. ‘कटिंग करायची आहे.’ ‘बारीक हवी.’ ‘एवढं चालेल.’ ‘अजून कमी करा.’ या वाक्यांत बोलणारा कोण हे कुठेच येत नाही. मी पहिले दोन-तीन कट असेच पार पाडले. ज्यांना ‘आलो’ म्हणायचं आहे त्यांनी बेधडक म्हणावं. कोल्हापूरकडच्या वाचकांना तर हा प्रश्न फारसा पडू नये. तिकडे मुलीही ‘मी येतो’, ‘मी जातो’ सहज म्हणतात, त्यामुळे कुणाचे कान टवकारत नाहीत.

शहरांत कारागीर हिंदी बोलणारे भैया असतील तर हिंदीतही वाक्य तयार ठेवा: ‘साइड में दो नंबर, ऊपर कैंची।’ इतकं पुरतं.

‘ताई’ म्हणतील. कानाला टोचतं, मला माहीत आहे. दुकान रिकामं असेल आणि माणूस बरा वाटला तर ‘दादा, मला ताई नका म्हणू, नावाने हाक मारा’ असं एकदा सांगून बघा. पण कट हातात पडेपर्यंत या शब्दासाठी भांडण नको, असं माझं मत आहे. त्या दिवशी ज्यासाठी गेलात ते आधी मिळू द्या.

मग ठरलेले प्रश्न येतात. ‘घरी विचारलंय का?’ याला उत्तर, ‘हो, माझा निर्णय आहे, कुणी काही बोलणार नाही.’ घरी विचारलेलं नसेल तरी ‘माझा निर्णय आहे’ हे खरं आहे, तेवढंच म्हणा. ‘लग्न व्हायचंय ना?’ याला उत्तर देऊ नका. ‘साइडला दोन नंबर लावा’ म्हणून विषय केसांवर आणा. ‘शोभणार नाही’ असं म्हटलं तर ‘नाही शोभलं तर वाढतील, मी तक्रार करणार नाही’. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, हे कारागिरालाही माहीत असतं. त्याला हवी असते ती ‘तक्रार करणार नाही’ ही हमी. अगदीच कुरकुर दिसली तर आधी पैसे द्या. पैसे आधी मिळाले की नंतर वाद होणार नाही याची त्याला खात्री पटते.

‘नवस होता’ असं सांगून सुटणारे माझे मित्र आहेत. तिरुपतीला केस देणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघरी असल्यामुळे हे कारण कुणीही पुढे उकरत नाही. ज्याला सुरक्षित राहायचं आहे त्याने हे कारण वापरावं, त्यात मला काही वावगं वाटत नाही. फक्त आजारपणाचं सोंग करू नका. त्यावर लोक काळजीने घरी फोन करतात.

नंबर आणि कात्री

मशीनला जे प्लास्टिकचे कंगवे लावतात त्यांना नंबर असतात. एक नंबर म्हणजे साधारण तीन मिलिमीटर, दोन म्हणजे सहा, तीन म्हणजे दहाच्या आसपास, चार म्हणजे बारा-तेरा. झिरो म्हणजे कातडी दिसते. पहिल्या वेळी साइडला तीन सांगा, बघा, मग दोनवर या. वर जायचा रस्ता नसतो, खाली यायचा असतो.

आपल्याकडच्या जाड, सरळ केसांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाजूचे केस दोन-तीन सेंटिमीटर ठेवले तर ते खाली बसत नाहीत, कानांवर झाडूसारखे आडवे उभे राहतात. भीतीपोटी ‘बाजूला थोडे ठेवा’ म्हणणाऱ्यांची डोकी म्हणूनच गोल दिसतात. बाजू एक तर खरंच बारीक करा, नाहीतर सध्या लांबच राहू द्या. कुरळे केस असतील तर ओले असताना कापलेले केस वाळल्यावर आखडतात, म्हणून वरची लांबी हवी त्यापेक्षा बोटभर जास्त सांगा. आणि डोक्याच्या मागे भोवरा असेल तर तिथे फार बारीक करू देऊ नका, शेंडी उभी राहते. दोन भोवरे असणाऱ्यांनी तर हे बसल्या बसल्याच सांगावं.

फोटो न्या, पण तुमच्यासारखाच केसांचा पोत असलेल्या पुरुषाचा. समोरून, बाजूने आणि मागून असे तीन. मागचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण चूक तिथेच होते आणि तुम्हाला ती दिसत नाही.

कट बायकी कुठे होतो

लांबीने कट पुरुषी होत नाही. तेवढ्याच लांबीचा कट मऊही दिसतो आणि ताठही. फरक चार जागी पडतो.

पहिली जागा कल्ले. बायकांचे केस कापायची सवय असलेला हात कानापुढे टोकदार, विरळ बट सोडतो. तुम्हाला कल्ला आडवा सरळ कापलेला, चौकोनी हवा. दाढी नसली तरी कल्ला सरळ असला की चेहऱ्याची कडा बदलते. मी पहिल्यांदा आरशात स्वतःला दिसलो तो या अर्ध्या इंचामुळे. ‘कल्ले चौकोनी, कानाच्या मध्यापर्यंत’ असं सांगा.

दुसरी मान. मागे झालर, पिसं, मधोमध निमुळतं टोक नको. ‘खालून मशीनने चढवत आणा’ म्हणा, म्हणजे खाली बारीक आणि वर जाताना हळूहळू दाट. मान सरळ रेषेत कापलेलीही चालते, पण वाढली की लगेच दिसते.

तिसरी म्हणजे डोक्याचा आकार. बायकी कटात माथा गोल, फुगीर ठेवतात. पुरुषी कटात कपाळाच्या वरच्या दोन कोपऱ्यांत केस ठेवून बाजू सपाट करतात, म्हणजे डोकं समोरून थोडं चौकोनी दिसतं. हे शब्दांत सांगणं कठीण आहे, म्हणून फोटो. ‘वर गोल नको, कोपरे ठेवा’ इतकं म्हटलं तरी जाणता कारागीर समजतो.

चौथी जागा कपाळ. तिथे वस्तऱ्याने रेषा मारून घ्यायचा मोह होतो. करू नका. आठ दिवसांत खुंट येतात आणि ते वाढेपर्यंत लपत नाहीत.

जेन्ट्स सलूनमध्ये ‘बॉय कट’ हा शब्द उच्चारू नका. तिथे येणारा कुठलाही पुरुष तो शब्द वापरत नाही, आणि तो ऐकला की कारागिराच्या डोक्यात पुन्हा बाईचा छोटा कट येतो. ‘साइडला मशीन, वरून कात्री, जेन्ट्स कटिंग.’

खुर्चीत

आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका. बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून आतून घालायचं घट्ट वस्त्र) घालत असाल तर वर सैल, गळा मोकळा असलेला शर्ट घाला. बारीक केस आत गेले की दिवसभर टोचत राहतात. बदलायला एक टीशर्ट पिशवीत ठेवा.

आणि बसल्याबरोबर सांगा: ‘मालिश नको.’ कटिंग झाली की डोकं, खांदे, पाठ दाबून द्यायची पद्धत आहे आणि हात कधी पाठीवर येईल ते कळत नाही. ज्याला तिथे हात लागलेला सोसत नाही, त्याने हे शेवटी नाही, सुरुवातीलाच म्हणावं. वस्तरा लावणार असतील तर ‘नवीन ब्लेड टाका’ हेही. कुणालाही त्याचा राग येत नाही.

बहुतेक कारागीर मध्येच एकदा थांबतात. साधारण निम्मं काम झाल्यावर. कंगवा फिरवतात आणि म्हणतात, ‘बघा, छान दिसतंय, बास ना?’ सगळा अर्धवट होकार या एका क्षणात घडतो. तुम्ही अवघडलेले असता, कापड गळ्याला बांधलेलं असतं, उपकार झाल्यासारखं वाटतं आणि तोंडातून ‘हो’ निघून जातं. तो ‘हो’ येऊ देऊ नका. ‘चांगलं झालंय. आता कल्ले आणि मागचं अजून बारीक करा.’ इतकंच, शांतपणे. फोटो पुन्हा दाखवा. कापड सुटायच्या आधी मागे आरसा धरायला सांगा; एकदा कापड झटकलं की परत बसवणं दोघांनाही जड जातं.

कारागिराचा हात लावणं खटकत असेल किंवा नजरा सोसवत नसतील तर उठा. अर्धवट कापलेल्या केसांनी उठावं लागलं तरी उठा. टोपी पिशवीत असू द्या, ती याच दिवसासाठी.

सरळ नाही म्हणाले तर

संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकानांत प्रवेश देताना धर्म, जात, लिंग यांवरून अटकाव करायला मनाई आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या मसुद्यावर चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ शब्दाची व्याप्ती किती, असा प्रश्न आला. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर दिलं की येईल त्याला सेवा द्यायला मालक जिथे तयार असतो ती जागा म्हणजे दुकान, इतका तो शब्द व्यापक आहे. न्हाव्याची खुर्ची नाकारली जाणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या दलितांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगलं आहे. त्या चर्चेमागे ते होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालाने आपला लिंगभाव आपण ठरवण्याचा हक्क मानला, आणि २०१९ साली झालेल्या पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने सर्वांसाठी असलेली सेवा नाकारणं हा भेदभाव ठरवला.

हे माहीत असलेलं बरं. त्याने पाठ ताठ राहते. पण खुर्चीत बसून कलम सांगू नका. घाबरलेल्या, रागावलेल्या माणसाच्या हातात मशीन देऊन कट चांगला होत नाही. ‘ठीक आहे दादा’ म्हणून पुढच्या दुकानात जा. शिवीगाळ झाली, अंगाला हात लावला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा सोबतचा माणूस आणि संस्थेचा आधार घ्या.

आणखी एक गोष्ट मला धीर देते. १८९० मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. बाईच्या डोक्यावर काय असावं हे सगळं गाव ठरवत होतं, तेव्हा वस्तरा हातात असलेली माणसंच तिच्या बाजूने उभी राहिली. मला आज केस कापून देणारे दादा त्याच परंपरेतले आहेत, असं मी मानतो.

कुणीच मिळालं नाही तर

मित्राच्या हाताने घरीच. दाढीचा ट्रिमर लांब केसांत अडकतो, केस कापायचं मशीन मागून आणा. आधी कात्रीने केस दोन इंचांवर आणा, मग कोरड्या केसांवर चार नंबर लावून खालून वर, मग गरजेप्रमाणे तीन. वरचे केस कात्रीनेच. कल्ले दोन्हीकडे सारखे आले का ते कानाशी नव्हे, डोळ्यांच्या कोपऱ्याशी ताडून बघा. बहुतेकांचे कान खाली-वर असतात.

नंतर

बारीक कट तीन-चार आठवड्यांत सुटतो. कानावर केस आले की परत त्याच कारागिराकडे जा, दुसऱ्या वेळी बोलणं निम्म्यावर येतं. पण तो दिवाळीला, होळीला गावी जातो, दुकान बदलतो, म्हणून चांगला कट झाला त्याच दिवशी तीन बाजूंनी फोटो काढा आणि काय सांगितलं ते लिहून ठेवा. माझ्या फोनमधली नोंद अशी आहे:

साइड दोन नंबर, कानावर तीन. वर दीड इंच, कात्री. भोवऱ्याला मशीन नाही. कल्ले चौकोनी. मागे खालून चढवत. कपाळाला वस्तरा नाही. मालिश नको.